‘गुराब’ शब्दाची व्युत्पत्ती

मराठ्यांच्या आरमाराच्या पाठात ‘गुराब’ हा शब्द येतो. ‘एक प्रकारचे जहाज’ एवढेच सांगून पुष्कळदा पाठ पुढे सरकतो. मूळ अरबी शब्द ‘घुराब’, म्हणजे डोमकावळा. अरबीत हे नाव जहाजासही लावीत. गुराबेस दोन वा तीन डोलकाठ्या असत. मध्ये रुंद असलेला सांगाडा पुढे निमुळता होत जाई व नाळ चोचीप्रमाणे बाहेर येई. तिच्यावरून समोर तोफा डागता येत. गलबत याहून लहान. ते वल्ह्यांनीही चाले.

इंग्रजांनी या शब्दाचे ‘ग्रॅब’ केले. त्यांच्या भाषेत ‘ग्रॅब’ म्हणजे हिसकावणे, आणि कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांना तर ते चाचेच म्हणत. त्यामुळे लुटारूंचे जहाज ते ग्रॅब, असा समज सहज होतो. वास्तविक या दोन शब्दांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही.