लॉग फेका, प्रेफरन्स जपा

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते म्हटलं की गावाकडच्या सगळ्यांना वाटतं, हिला कॉम्प्युटरमधलं सगळं येत असणार! 1978 मध्ये केओनिक्सनं 332 एकरांवर ही वसाहत सुरू केली, तेव्हापासून तिचं नावच तसं आहे. मी मात्र इंग्रजीत बीए केलेली कंटेंट रायटर. लॅपटॉपच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, म्हणजे दहा टक्क्यांहून कमी जागा उरली, तेव्हा एका रविवारी मीच सफाईला बसले. ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये शिरले, दिसेल ते उडवलं आणि रिसायकल बिनही रिकामा केला.

सोमवारी वर्ड उघडलं तर कोनप्पन अग्रहार, दोड्डतोगूर, हेब्बगोडी अशा प्रत्येक नावाखाली लाल नागमोडी रेघ. दोन वर्षं 'ॲड टू डिक्शनरी' करत जमवलेली माझी यादी गेली होती. त्या घाईत एक स्पेलिंग चुकलं आणि क्लायंटच्या माहितीपत्रकात तसंच छापून आलं. चूक माझीच, बोलणीही मीच खाल्ली.

लॉग म्हणजे सॉफ्टवेअरची रोजनिशी: कधी सुरू झालं, कुठे अडलं. बिघाड शोधायचा नसेल तर जुनी पानं गेली तरी चालतं. प्रेफरन्स म्हणजे आपण त्याला लावलेल्या सवयी. वर्डमधली शब्दांची यादी ॲपडेटातल्या यूप्रूफ फोल्डरमध्ये असते. गंमत म्हणजे ती असते जेमतेम काही केबींची. ती उडवून मी जागा अशी वाचवलीच नाही!

तुम्ही विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेनं जा. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स' असेल तर त्यावरची टिक आधी काढा, नाहीतर आईबाबांची तिकिटं आणि बिलंही जातील. मॅकमध्ये लायब्ररीत लॉग्ज, कॅशेस आणि प्रेफरन्सेस असे वेगळे फोल्डर असतात. ॲप ट्रॅशमध्ये टाकलं तरी त्याचे प्रेफरन्स बहुतेकदा मागे राहतात.

एखादं सॉफ्टवेअर विचित्र वागू लागलं, तर ते बंद करून प्रेफरन्सची फाइल पुसण्याऐवजी तिचं नुसतं नाव बदला. पुढच्या वेळी ते सहसा नवी कोरी फाइल बनवतं. वर्डचं नॉर्मल टेम्प्लेट असंच परत तयार होतं. फरक पडला नाही तर जुनं नाव परत द्यायचं.

माझी यादी पुन्हा भरतेय. तिची एक कॉपी आता पेनड्राइव्हवर असते. काल हेब्बगोडी टाकलं.