शोकाचे पांढरे कपडे
लेखमाला : पटकथेच्या पोटात – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण ‘फ्युरियस ७’ पाहिला. चित्रीकरण अर्ध्यावर असताना पॉल वॉकर गेला, तेव्हा त्याच्या दोन भावांना उभं करून, संगणकाने त्यांच्यावर पॉलचा चेहरा चढवून चित्रपट पुरा केला गेला. आजच्या चित्रपटाने नेमका उलटा रस्ता धरला.

‘ब्लॅक पँथर’चा नायक चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० रोजी गेला. वय ४३. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान २०१६ मध्येच झालं होतं. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सोसत तो काम करत राहिला. दिग्दर्शक रायन कूगलरलाही आजाराची कल्पना नव्हती. दुसऱ्या भागाची पटकथा त्याने लिहून ठेवली होती. बोसमनने साकारलेला राजा टी’चाला आणि त्याचा लहान मुलगा, ही तिची गोष्ट. ती वाचण्याइतकं त्राण बोसमनमध्ये उरलं नव्हतं.

भूमिका दुसऱ्या नटाला द्या, अशी मागणी अनेक चाहत्यांनी केली. बॅटमन किती जणांनी केला! शिवाय असा कृष्णवर्णीय राजा पडद्यावर पुन्हा कधी येणार, ही त्यांची तळमळ खरी होती. तरीही मार्व्हलने नकार दिला, आणि माझ्या मते तेच योग्य होतं. नवा चेहरा आणला असता, तर ज्यांना रडायचं होतं त्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या.

हा दुसरा भाग, ‘वकांडा फॉरेव्हर’ (२०२२), सुरू होतो तो प्रयोगशाळेत. टी’चालाची बहीण शुरी भावासाठी औषध बनवायला धडपडते आहे. तेवढ्यात आई, राणी रामोंडा, येऊन सांगते की तो गेला. मृत्यू आपल्याला दिसतच नाही. रोगाचं नावही येत नाही. कूगलरने आपल्याला शुरीच्या जागी उभं केलं आहे: शेजारच्या खोलीत, उशीर झालेलं. बोसमनच्या जाण्याची बातमी जगाला अशीच अचानक कळली होती.

मग येतं मार्व्हलचं बोधचिन्ह. त्यात फक्त बोसमनची दृश्यं, आणि एरवी दणक्यात वाजणारं संगीत पूर्ण बंद.

तलोकान या समुद्राखालच्या राज्याशी युद्ध, रिरी विल्यम्स या विद्यार्थिनीचं उपकथानक यांनी १६१ मिनिटांचा हा चित्रपट मध्ये जड होतो, हे मान्य. पण त्याचा कणा एकच आहे. अंत्ययात्रेत सगळे पांढऱ्या कपड्यांत. वर्ष सरल्यावर रामोंडा नदीकाठी शुरीला ते कपडे जाळायला सांगते. शुरीला ते जमत नाही. वर्षश्राद्ध उरकूनही घरातलं एक माणूस तिथेच थांबलेलं असतं, हे आपण पाहिलेलं आहे. त्यानंतरचा तिचा राग, सूड, ब्लॅक पँथरचा मुखवटा चढवणं, सगळं त्या न जाळलेल्या कपड्यांतून येतं.

शेवटी हैतीच्या समुद्रकिनारी ती एकटी बसून ते कपडे जाळते आणि भावाला आठवते. श्रेयनामावली सुरू झाल्यावर टी’चालाची प्रेयसी नाकिया एका लहान मुलाला घेऊन तिच्याजवळ येते. तो टी’चालाचा मुलगा असतो. न वाचलेल्या पटकथेतला मुलगा असा पडद्यावर आला.