‘येशूचं कफन’ खरं की मध्ययुगात बनवलेलं? विज्ञान नेमकं काय सांगतं?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एक बातमी सोशल मीडियावर जोरात फिरत होती. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी येशू ख्रिस्ताच्या कफनाचं वय शोधून काढलं आणि ते तब्बल दोन हजार वर्षं जुनं निघालं, असा त्या बातमीचा सूर होता. काहींनी तर कफनावरच्या ठशावरून एआयने बनवलेला येशूचा ‘खरा चेहरा’ही शेअर केला.

वर्षभरातच उलटी बातमी आली. कफनावरची आकृती माणसाच्या शरीराची नाहीच, ती उठावाच्या शिल्पावरून घेतलेली असावी, असं एका अभ्यासात म्हटलं होतं.

कापड एकच, मग दोन निष्कर्ष कसे? आणि यातलं खरं कोणतं मानायचं?

हे कापड आहे तरी काय?

इटलीतल्या ट्युरिन शहराच्या कॅथेड्रलमध्ये एक लिननचं कापड जपून ठेवलेलं आहे. जगभर ते ‘श्राउड ऑफ ट्युरिन’ म्हणून ओळखलं जातं. लांबी साधारण ४.४ मीटर, रुंदी १.१ मीटर. त्यावर एका दाढीधारी पुरुषाची पुढून आणि मागून अशी फिकट पिवळसर आकृती दिसते. मनगट, पाय, कूस आणि कपाळापाशी रक्तासारखे डाग आहेत, पाठीवर फटक्यांच्या खुणा आहेत.

येशूला क्रुसावरून उतरवल्यावर त्याचा देह तागाच्या वस्त्रात गुंडाळला, असं बायबलमध्ये सांगितलं आहे. तेच हे वस्त्र, अशी कोट्यवधी लोकांची श्रद्धा आहे. २०१५ मध्ये ते दर्शनासाठी बाहेर काढलं, तेव्हा लाखो भाविक ट्युरिनला गेले होते.

कागदोपत्री पहिला उल्लेख १४ व्या शतकातला

येशूला क्रुसावर दिलं ते इसवी सन ३० च्या आसपास. पण या कापडाचा खात्रीशीर इतिहास सुरू होतो १३५० च्या दशकात, फ्रान्समधल्या लिरे या छोट्या गावात. जोफ्रुआ द शार्नी नावाच्या सरदाराने तिथे चर्च बांधलं होतं आणि तिथेच हे कापड लोकांना दाखवलं जाऊ लागलं.

वाद तेव्हापासूनच आहे. १३८९ मध्ये त्या भागाचे बिशप पिएर दार्सी यांनी लेखी तक्रार केली. आपल्या आधीच्या बिशपांनी चौकशी केली होती आणि हे कापड रंगवणारा कलाकारही सापडला होता, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे या कापडावर पहिला संशय घेणारे शास्त्रज्ञ नव्हते, चर्चचेच लोक होते.

पुढे १४५३ मध्ये ते साव्हॉय राजघराण्याकडे गेलं. १५३२ मध्ये शाँबेरीला लागलेल्या आगीत ते होरपळलं. चांदीची पेटी वितळून कापडाला भोकं पडली आणि नंतर जोगिणींनी त्यावर ठिगळं लावली. १५७८ पासून ते ट्युरिनमध्ये आहे.

एका फोटोने शास्त्रज्ञांना खेचून आणलं

१८९८ मध्ये सेकोंदो पिया या हौशी फोटोग्राफरने कापडाचे फोटो काढले. काचेची निगेटिव्ह धुतल्यावर त्यांना धक्काच बसला. कापडावर अंधुक दिसणारा चेहरा निगेटिव्हमध्ये एकदम स्पष्ट, जिवंत माणसासारखा दिसत होता. कॅमेरा नसलेल्या काळात अशी उलटी छटा कुणी कशी रंगवेल? हा प्रश्न तिथून सुरू झाला.

१९७८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या एका चमूने सलग पाच दिवस कापड तपासलं. ही आकृती कुंचल्याने रंगवलेली नाही आणि डाग रक्ताचे आहेत, असा निष्कर्ष त्यांनी १९८१ मध्ये दिला. पण सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यांनी त्याच कापडावरून उचललेले कण तपासले आणि हे गेरू व शेंदरी रंगाचे कण आहेत, म्हणजे हे चित्रच आहे, असं ठामपणे सांगितलं. पुरावे त्याच कापडाचे, पण तज्ज्ञांचं एकमत नाही.

१९८८ ची ती निर्णायक चाचणी

मग कापडाचं वयच मोजायचं ठरलं. लिनन बनतं जवसाच्या खोडातल्या धाग्यांपासून. हो, ज्या जवसाची आपण चटणी करतो, तेच. झाड जिवंत असताना हवेतून कार्बन घेतं. त्यात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी थोड्या प्रमाणात असतो. झाड उपटलं की नवा कार्बन येणं थांबतं आणि आतला कार्बन-१४ ठरलेल्या गतीने कमी होत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. किती उरलाय ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं.

१९८८ च्या एप्रिलमध्ये कापडाच्या एका कोपऱ्यातून पट्टी कापली गेली. तिचे तुकडे ऑक्सफर्ड, झुरिक आणि अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या प्रयोगशाळांना देण्यात आले. सोबत तुलनेसाठी इतर तीन जुन्या कापडांचे नमुनेही होते. ब्रिटिश म्युझियमने समन्वय केला.

निकाल ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात १९८९ मध्ये छापून आला: कापड इसवी सन १२६० ते १३९० या काळातलं, खात्री ९५ टक्के. म्हणजे लिरेमध्ये ते पहिल्यांदा दिसलं, अगदी तोच काळ. इतिहासाची कागदपत्रं आणि प्रयोगशाळा दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबली.

मग वाद मिटला का नाही?

कारण आक्षेप आले, आणि त्यातले काही दखल घेण्यासारखे होते.

पहिला आक्षेप: नमुना एकाच कोपऱ्यातून घेतला, तोही दर्शनाच्या वेळी शतकानुशतकं हाताळलेल्या. १९७८ च्या चमूतले रसायनतज्ज्ञ रेमंड रॉजर्स यांनी २००५ मध्ये लिहिलं की त्या भागातले धागे बाकीच्या कापडापेक्षा वेगळे आहेत, तिथे नंतर दुरुस्ती झाली असावी. ॲरिझोनाच्या प्रयोगशाळेने मात्र आपल्याकडे उरलेला तुकडा तपासून २०१० मध्ये सांगितलं, की त्यात दुरुस्तीचा पुरावा दिसत नाही.

दुसरा आक्षेप: मेणबत्त्यांचा धूर, आग, हातांचा मळ यांमुळे नवा कार्बन मिसळला असेल. मिसळणं शक्य आहे, म्हणून तर चाचणीआधी नमुने स्वच्छ करतात. पण पहिल्या शतकातलं कापड १४ व्या शतकातलं भासायचं, तर नमुन्यातला निम्म्याहून जास्त कार्बन बाहेरून आलेला असायला हवा. म्हणजे कापडापेक्षा मळ जास्त!

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याचा वापर करून संशोधकांनी ब्रिटिश म्युझियमकडून मूळ आकडे मिळवले. २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की तिन्ही प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे ९५ टक्क्यांचा दावा डळमळतो. पुन्हा चाचणी व्हावी, ही त्यांची मागणी रास्त आहे. पण हा फरक आहे शंभरेक वर्षांचा. येशूच्या काळापर्यंत जायला तेराशे वर्षं मागे जावं लागतं.

व्हायरल झालेल्या एक्स-रे चाचणीचं काय?

२०२४ मध्ये फिरलेली बातमी खरं तर २०२२ च्या शोधनिबंधाची होती. लिबेराटो दे कारो आणि सहकाऱ्यांनी कापडाच्या एका बारीक धाग्यावर एक्स-रे टाकून त्याची झीज मोजली. ती पहिल्या शतकातल्या कापडाशी जुळते, असं त्यांनी म्हटलं.

पण निबंधातली एक अट फॉरवर्डमध्ये गळून पडली. हे गणित जुळायचं, तर १४ व्या शतकाआधीची तेरा शतकं हे कापड साधारण २० ते २२.५ अंश तापमानात आणि ५५ ते ७५ टक्के आर्द्रतेत राहिलेलं असायला हवं. ज्या काळात कापड कुठे होतं याचीच पक्की नोंद नाही, त्या काळातलं तापमान इथे गृहीत धरलं आहे. शिवाय ही पद्धत नवी आहे, कार्बन डेटिंगसारखी असंख्य नमुन्यांवर घासूनपुसून पाहिलेली नाही.

‘कफन भारतात विणलं’ हाही असाच एक दावा. २०१५ मध्ये कापडावरच्या धुळीतल्या डीएनएचा अभ्यास झाला. त्यात युरोप, पश्चिम आशिया आणि भारतीय उपखंडातल्या लोकांच्या वंशखुणा सापडल्या. त्यावरून कापड भारतातून आलं असण्याची शक्यता संशोधकांनी मांडली. पण धुळीतला डीएनए कापड विणणाऱ्याचा की दर्शनाला आलेल्या कुणाचा, हे त्यावरून ठरत नाही.

आकृती कशी उमटली?

हे कोडं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. रंग फक्त धाग्यांच्या अगदी वरच्या थरावर आहे, आत झिरपलेला नाही. इटलीचे रसायनतज्ज्ञ लुइजी गार्लास्केल्ली यांनी २००९ मध्ये मध्ययुगात मिळू शकणारं साहित्य वापरून बरीचशी तशीच आकृती बनवून दाखवली. सूक्ष्म पातळीवर ती जुळत नाही, असं टीकाकार म्हणतात. २०२५ मध्ये ब्राझीलचे सिसेरो मोराएस यांनी संगणकावर दाखवलं की कापड खऱ्या शरीरावर टाकलं तर आकृती पसरट होते, उथळ उठावाच्या शिल्पावर टाकलं तर ट्युरिनसारखी येते. त्यावरही आक्षेप घेतले गेले. आणि या प्रयोगातून कापडाचं वय कळत नाही, हेही खरं.

सगळा घोळ इथेच होतो. ‘आकृती कशी बनली ते कळलं नाही’ आणि ‘कापड येशूच्या काळातलं आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं असलं म्हणून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

मग श्रद्धेचं काय?

कॅथलिक चर्चने हे कापड खरं किंवा खोटं असं अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही. १९८८ चा निकालही ट्युरिनच्या कार्डिनलनीच जगाला सांगितला होता. वयाचा प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडवावा, अशी भूमिका पोप जॉन पॉल दुसरे यांनी घेतली. ज्याला त्या चेहऱ्यात येशूच्या वेदना दिसतात, त्याची प्रार्थना प्रयोगशाळेच्या अहवालावर अवलंबून नाही. पण त्या प्रार्थनेच्या नावाखाली ‘विज्ञानाने सिद्ध केलं’ असं सांगितलं जातं, तेव्हा तो दावा तपासलाच पाहिजे.

आज हातात असलेल्या पुराव्यांत मध्ययुगाचं पारडं स्पष्टपणे जड आहे. ते बदलू शकतं, पण त्यासाठी कापडाच्या वेगवेगळ्या भागांतून घेतलेल्या नमुन्यांची नवी, खुली चाचणी लागेल.

तोपर्यंत पुढची बातमी फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा: नमुना कुठून घेतला, चाचणीने वय मोजलं की दुसरंच काही, आणि निकालासाठी काय गृहीत धरलं. एवढं विचारलं तरी बरेच ‘खळबळजनक खुलासे’ आपल्याच फोनमध्ये थांबतील.