देशसात्म्य आणि संस्कृती : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

‘संस्कृती’ आणि ‘संस्कार’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून सिद्ध झालेले आहेत. द्रव्याच्या ठायी मूळच्या गुणांहून वेगळे गुण उत्पन्न करणे म्हणजे संस्कार, असा अर्थ चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथम अध्यायात सांगितला आहे. भात गुरू असतो; त्याच्याच लाह्या अग्निसंस्काराने लघू होतात. मनुष्याचेही असेच आहे. भाषा, अन्न, सण, देवता आणि नाती यांचे संस्कार त्याच्यावर जन्मापासून होत असतात. ‘मी कोण’ आणि ‘उचित काय, अनुचित काय’ या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला या संस्कारांतूनच मिळतात. या उत्तरांची दखल न घेता चिकित्सा यशस्वी होऊ शकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. सातपुड्यात पावरा व भिल्ल, नवापूरकडे मावची व कोकणी, तापीकाठच्या सपाटीवर गुजर आणि अहिराणीभाषक समाज अशी येथील वस्ती आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी पावरी, भिली, मावची, अहिराणी, गुजराती व मराठी अशा सहा बोली कानी पडतात. मात्र केसपेपरवर त्यांपैकी केवळ मराठीच उतरते, ही आमची पहिली उणीव होय.

शास्त्राने ही उणीव अपेक्षिलेली नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात भूमिपरीक्षा सांगताना रुग्ण कोणत्या प्रदेशात जन्मला, कोठे वाढला व कोठे आजारी पडला हे पाहावे, तसेच तेथील लोकांचा आहार, विहार आणि आचार कसा आहे हेही जाणून घ्यावे, असे आचार्य सांगतात. चिकित्सास्थानाच्या अखेरच्या अध्यायात तर देशोदेशीच्या लोकांचे सात्म्य नामनिर्देशासह दिले आहे. बाह्लीक, चीन, यवन, शक यांना मांस व गहू, पूर्वेकडील लोकांना मत्स्य, सिंधुदेशीयांना दूध, तर अश्मक व अवंती येथील लोकांना तेल व आंबट पदार्थ सात्म्य म्हटले आहेत. यांपैकी कोणाचाही आहार हीन ठरविलेला नाही. ज्याला जे सात्म्य त्याच्याशी जुळेल असेच औषध योजावे, एवढाच आदेश आहे. सांस्कृतिक विविधतेकडे पाहण्याची याहून निरोगी दृष्टी कोणती असू शकेल?

येथे आम्हाला आमचीच एक चूक नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी अक्राणी भागातील एक पावरा गृहस्थ पाददारी व कटिशूल या तक्रारींसाठी आमच्याकडे आले. आम्ही लेप व तेल दिले, नेहमी पादत्राण घालण्यास आणि जमिनीवर न झोपण्यास बजावले. त्यांनी मान डोलावली. तीन आठवड्यांनी ते परतले तेव्हा भेगांतून रक्त येत होते. ‘सांगितलेले ऐकत नाहीत’ असा शेरा आम्ही मनातल्या मनात मारला. सोबत आलेल्या त्यांच्या शालकाने मग मराठीत खुलासा केला. त्यांनी होळीची ‘पालनी’ धरली होती. सातपुड्यातील होळीत नवस करणारे पुरुष काही दिवस ब्रह्मचर्य पाळतात, जमिनीवर झोपतात, पायांत काही घालत नाहीत. कमरेला घुंगरू व दुधी भोपळे बांधून रात्र रात्र नाचतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी यासाठी प्रसिद्ध आहे. आमच्या रुग्णाने औषध आणि व्रत यांपैकी व्रत निवडले होते, आणि आमचा अवमान होऊ नये म्हणून ते सांगितले नव्हते. त्यांचे मौन हाही एक आचारच होता. तो आम्हाला वाचता आला नाही.

पुढील वर्षी आम्ही होळीच्या महिनाभर आधीच त्यांना बोलावले. पादाभ्यंग व लेप नियमित केले आणि पालनीच्या काळात रात्री तळव्यांना तेल लावणे व्रतात बसते काय, हे त्यांनाच विचारले. ते बसत होते. त्या वर्षी भेगा पडल्या, पण रक्त आले नाही. ब्रह्मचर्य, निग्रह आणि देवतापूजन ही सद्वृत्ताची अंगे आपण ग्रंथात शिकतो. तीच समोर अनवाणी उभी राहिली, तेव्हा आम्ही त्यांना अपथ्य म्हणून मोकळे झालो होतो.

आहाराच्या बाबतीतही असेच घडते. दादर ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, मोर व भगर ही बारीक धान्ये, मोहाची फुले हा येथील अनेक घरांचा परंपरागत आहार. त्यास ‘हलके अन्न’ म्हणून हिणविले गेल्याने शिकलेली मुले आईच्या हातची भाकरी मित्रांसमोर काढण्यास लाजू लागली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यावर हीच धान्ये शहरांतील दुकानांत मानाने मांडली गेली. अन्नाचे गुण पूर्वीचेच होते, फक्त पाहणाऱ्याची दृष्टी बदलली. परंतु मधल्या काळात ज्या मुलाच्या मनात स्वतःच्या घराविषयी न्यूनता रुजली, त्याच्या सत्त्वाची हानी कोणत्या रसायनाने भरून काढावी?

संस्कृतीचा आदर म्हणजे तिच्यातील प्रत्येक रूढीचे समर्थन नव्हे, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सर्पदंशात मंत्रोपचारासाठी वेळ दवडणे प्राणघातक ठरते. तेथे भगताची निंदा करीत बसू नये. पूजा घरी चालू द्यावी आणि रुग्णास तत्क्षणी रुग्णालयाच्या वाहनात बसवावे. मद्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण मोहाची दारू देवकार्यातही लागते. तथापि या विषयातील मोठे परिवर्तन याच समाजातून झालेले आहे. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथील गुलाम महाराजांनी मद्यत्यागाचा उपदेश केला. ‘अरे-तुरे’ ऐकण्याची सवय लावल्या गेलेल्या माणसांनी परस्परांस ‘आप’ म्हणून संबोधावे, अशी प्रथा त्यांनी घातली. १९३८मध्ये त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराजांनी ते कार्य पुढे नेले. १९७०च्या दशकाच्या आरंभी शहादा भागातील श्रमिक चळवळीत आदिवासी स्त्रियांनीच दारूविरुद्ध मोहीम उघडली. प्रथम सन्मान आणि मग त्याग, हा क्रम येथे ध्यानात घेण्याजोगा आहे.

चरकांनी अहितकर सवय सोडविण्यासाठी पादांशक्रम सांगितला आहे. सवय एकदम तोडली तर अपाय होतो, थोडी थोडी सोडली तर सुटते. समाजाच्या सवयींनाही हा नियम लागू पडतो, असे आम्हास वाटते.

शेवटी एक सावधगिरी. इंद्रियस्थानात प्रकृतीला आकार देणारे सहा भाव सांगितले आहेत : जाती, कुल, देश, काल, वय आणि प्रत्यात्मनियत भाव. पहिले पाच मनुष्य इतरांशी वाटून घेतो. सहावा केवळ त्याचा स्वतःचा असतो. ‘पावरा म्हणजे असा, मावची म्हणजे तसा’ असे ठरवून टाकणारा वैद्य पाच भाव पाहतो व सहावा विसरतो. सर्वांना एकच पथ्यपत्रक देणारा वैद्य सहाही विसरतो.

म्हणून व्यवसायबंधू-भगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, केसपेपरवर आणखी तीन ओळी वाढवाव्यात : घरची बोली कोणती, रोजचे अन्न कोणते, आणि सध्या काही व्रत वा नवस चालू आहे काय. उत्तर रुग्णाच्या शब्दांतच लिहावे. पथ्य त्यानंतर सांगावे.