पूर आणि घोड्याचे ठाण

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा व पंचगंगा यांना महापूर आला, तेव्हा पुष्कळ जनावरे दावणीलाच राहून दगावली. गाईम्हशींविषयी निदान बोलले तरी जाते. टांगेवाल्याच्या वा धनगराच्या घोड्याचा विचार क्वचितच होतो.

घोडा पोहतो, परंतु अगाडी-पिछाडी बांधलेला घोडा पोहणार कसा? पुराचा इशारा मिळताच पिछाडी सोडावी, आणि अगाडीची गाठ एका हिसक्यासरशी सुटेल अशीच असावी. भ्यालेला घोडा अनोळखी हाताला लागत नाही, आणि मालक नेमका त्याच रात्री परगावी असतो. यास्तव शेजारच्या जाणत्या माणसाने त्यास आधीच, अंधार पडल्यावर, उंचावरील जागेपर्यंत दोन-चार वेळा नेऊन आणावे. तेथे स्वच्छ पाण्याची सोय हवी. घोड्यास दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते. भिजून बुरसलेला चारा मुळीच घालू नये, कारण घोड्यास ओकारी होत नाही. लहानशा जखमेतूनही त्यास धनुर्वात होतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

शाळा उघडताच शिक्षकांनी गाठींचा एक पाठ घ्यावा. दोरीचा तुकडा व खिडकीचा गज एवढे साहित्य पुरते. ज्याच्या घरी घोडा आहे, त्या मुलाकडूनच तो इतरांस शिकवावा.