एकच प्रतिपिंड, दोन उलट साक्षी

नॅचरल किलर पेशी आपल्याच शरीरातल्या निरोगी पेशींना का मारत नाहीत? 1986 मध्ये स्टॉकहोममध्ये क्लास कारे आणि सहकाऱ्यांनी उंदरांत एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. ज्या कर्कपेशींनी अंगावरची एमएचसी प्रथिनं गमावली होती, त्याच मारल्या जात होत्या. ती प्रथिनं शाबूत असलेल्या सुटत होत्या. म्हणजे मारेकऱ्याच्या अंगावर कुठेतरी ब्रेक असणार. माणसात तो कोणी पाहिला नव्हता.

इटलीत जिनोआला अलेस्सांद्रो मोरेत्ता आणि त्यांचे भाऊ लोरेन्झो यांनी उफराटा मार्ग धरला. जनुक ठाऊक नाही, रेणू ठाऊक नाही. मग उंदरालाच शोधू द्या! मानवी किलर पेशी उंदराला टोचायच्या, त्याने बनवलेली प्रतिपिंडं एकेक वेगळी करायची आणि पेशीचं वागणं बदलणारं हेरायचं. 1990 मध्ये अशी दोन हाती लागली: जीएल183 आणि ईबी6. ती सगळ्या किलर पेशींना चिकटत नव्हती, काहींनाच.

परीक्षा अशी: लक्ष्यपेशीत किरणोत्सारी क्रोमियम-51 भरायचं, किलर पेशी सोडायच्या आणि काही तासांनी वरचा द्रव मोजणीयंत्रात घालायचा. पेशी फुटली की क्रोमियम बाहेर सांडतं. जितकं सांडेल तितक्या मेल्या. 1993 मध्ये उत्तर मिळालं. एचएलए-सी या मानवी एमएचसी प्रथिनामुळे वाचणाऱ्या पेशी, प्रतिपिंडाने ब्रेक झाकताच मरू लागल्या. त्या रेणूचं वजन 58 किलोडाल्टन, म्हणून नाव पी58.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण किलर पेशींचे काही क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेले समूह, हट्टी निघाले. तेच प्रतिपिंड, तीच परीक्षा, आणि हत्या वाढण्याऐवजी घटली! असा निकाल हाती आला की माणूस आधी पिपेटवर संशय घेतो. मोरेत्तांच्या गटाने रेणूच मोजला: 50 किलोडाल्टन. 1995 मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा वेगळाच रेणू आहे. बाहेरचा चेहरा जवळजवळ तोच, पण आतली शेपटी आखूड. लांब शेपटी पेशीला थोपवते; आखूड शेपटीचा रेणू तिला चेतवतो. प्रतिपिंडाला दिसतो फक्त चेहरा.

आज या जोडीला केआयआर2डीएल1 (लांब शेपटी) आणि केआयआर2डीएस1 (आखूड शेपटी) म्हणतात. ईबी6 दोघांनाही धरतं, 143211 हा प्रतिपिंडाचा क्लोन मात्र दोघांपैकी फक्त डीएल1 ओळखतो. दोन्ही एकत्र वापरले की ज्या पेशीवर ईबी6 चमकतं पण 143211 नाही, तिच्यावर डीएस1 आहे असं कळतं. जीएल183 तर तिघांना धरतं: 2डीएल2, 2डीएल3 आणि 2डीएस2. त्यावरून 'ब्रेक सापडला' म्हणणं शुद्ध धाडस आहे.

आपल्याकडे हे जास्तच जपायला हवं. 19व्या गुणसूत्रावरचा हा केआयआर जनुकसमूह माणसागणिक वेगळा असतो. आखूड शेपटीचे जनुक कोणाकडे पुष्कळ, कोणाकडे जेमतेम. 2002 मध्ये उत्तर भारतीय हिंदूंच्या एका गटात ही विविधता ठळक दिसली. तंजावरची प्रयोगशाळा असो की पुण्याची, परदेशी दात्यांवर बसवलेलं प्रतिपिंडांचं पॅनेल तसंच्या तसं उचलू नये. प्रतिपिंडाच्या बाटलीवर नुसतं 'सीडी158ए' (केआयआर2डीएल1चं दुसरं नाव) छापलेलं असेल तर विक्रेत्याला क्लोनचं नाव विचारा आणि रक्त घेतानाच दात्याचे केआयआर जनुक तपासून ठेवा.