पदरावरची जरी कुठून येते?

लेखमाला : पेठांची शहरे – लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात येवल्याच्या हातमागावर पैठणीचा पदर विणला जाताना आपण पाहिला. त्या पदरावरचा मोर येवल्याच्या विणकराचा, पण मोर ज्याने झळकतो ती जरी बहुतेक वेळा सुरतेहून आलेली असते. बनारसचा शालू घ्या, कांचीपुरमची साडी घ्या, जरीचे गाव विचारलेत तर पुन्हा सुरतेचेच नाव निघते. म्हणून आज सुरतेला जायचे आहे आणि वाटेत चलथाणला थांबायचे आहे.

चलथाण हे उधना–जळगाव रेल्वेमार्गावर उधना आणि बारडोली यांच्या मधले स्टेशन, सुरतेपासून सुमारे १५ किलोमीटरवर. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून पोटापाण्यासाठी निघालेला माणूस याच रुळांवरून सुरतेत शिरतो. गावात सहकारी साखर कारखाना आहे, शेजारी कडोदऱ्याला कापडाचे कारखाने. ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातून कोयता घेऊन टोळ्या या पट्ट्यात उतरतात. ज्यांना यंत्रमागावर काम मिळाले ती कुटुंबे इथेच राहिली. उधना, लिंबायत, पांडेसरा भागात अहिराणी सहज कानावर पडते. या आपल्या माणसांची सुरत म्हणजे यंत्रमाग, पाळी आणि पगार. साडीचे कापड रोज हाताखालून जाते, पण साडीला मोल आणणारी जुनी कारागिरी कोणत्या गल्लीत चालते हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. ही गोष्ट मनाला फार लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला जुनी सुरत भेटते ती शाळेच्या पुस्तकात. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०, शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि विरजी व्होरासारख्या सावकारांचे वाडे रिकामे झाले, इथे तो धडा संपतो. एवढी संपत्ती त्या शहरात साठली कशी, हे मात्र त्यात नसते. सुरत हे मोगलांचे सर्वांत मोठे बंदर होते, हजची जहाजे इथूनच सुटत, आणि बाहेर जाणाऱ्या मालात कापड मोठे होते. त्या कापडाभोवती विणकर, रंगारी, छपाईवाले, धातूची तार ओढणारे तारकस असे कारागीर वसले. पुढे तापीचे मुख गाळाने भरत गेले, इंग्रजांनी १६८७ मध्ये आपले मुख्य ठाणे मुंबईला नेले, १८३७ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. बंदर गेले. जरी मात्र टिकली, कारण तिचे गिऱ्हाईक समुद्रापलीकडे नव्हते. देशातल्या विणकरांच्या गावांना ती लागतच होती.

तापीकाठचा सोळाव्या शतकातला किल्ला पाहून चौकातून भागळकडे आणि तिथून चौटा बाजारात गेलात की बांगड्या, लेस, टिकल्या, साड्या यांची दाटी लागते. इथे जरीचा बाजार डोळ्यांना दिसत नाही. तो नवापुरा, सगरामपुरा अशा भागांतल्या घरांत आहे. राणा समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत.

कामाची रीत ऐकण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती तापवत आणि जंतराच्या, म्हणजे भोके पाडलेल्या पट्टीच्या, एकाहून एक बारीक भोकांतून ओढत नेत. कांब तार होई, तार केसाहून बारीक होई, तरी वरचे सोने सुटत नसे. चांदीबरोबर तेही ताणले जाई. मग ही तार चपटी करायची, तो बादला. रेशमाच्या लाल किंवा पिवळ्या धाग्यावर बादला गुंडाळला की तयार झाला कसब, म्हणजे विणायची जरी. भरतकामासाठी याच तारेचे सलमा, टिकी असे प्रकार होतात. आता तार यंत्रावर ओढतात आणि सोन्याचे गिलीट विजेच्या साहाय्याने शेवटी चढवतात. हा बदल आपोआप झाला नाही. फ्रान्सची यंत्रावरची जरी इथल्या बाजारात स्वस्तात येऊ लागली, तेव्हा सुरतेला तंत्र बदलावे लागले आणि १९३१ मध्ये कायदा करून या धंद्याला आयातकराचे संरक्षण द्यावे लागले.

आज बाजारात तीन प्रकारची जरी मिळते. खरी जरी चांदीची. इमिटेशन जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा असतो. तिसरी मेटॅलिक, म्हणजे चकाकी दिलेल्या प्लास्टिकच्या फिल्मची पट्टी. स्वस्त साडीला स्वस्त जरी लागणारच, त्यात गैर काही नाही. तिसरी जरी पहिलीच्या नावाने आणि भावाने विकणे ही मात्र लबाडी आहे, आणि तिचा फटका गिऱ्हाइकाइतकाच खरी जरी करणाऱ्या कारागिराला बसतो.

आपल्या घरांतही या जरीचे एक दुखरे पान आहे. आजीचा विरलेला शालू दारावर आलेल्या जरीवाल्याला चांदीच्या भावाने दिल्याच्या कहाण्या अनेक घरांत आहेत. तो कापड जाळून चांदी काढून घेतो. चांदी उरते, पण तार ओढणाऱ्याचे आणि विणणाऱ्याचे काम राख होते. जुना पदर कापून नव्या साडीला लावता येतो, चौकटीत बसवता येतो. विकण्याआधी एवढा विचार कराच.

सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तरीही तिचा माल येवला, बनारस, कांचीपुरम यांच्या नावाने घराघरांत जातो आणि कारागिराचे नाव कुठेच लागत नाही. माझ्या मते पैठणीच्या पावतीवर विणकराच्या गावाइतकीच जरीच्या गावाचीही नोंद असली पाहिजे. लग्नसराईत पैठणी घ्याल तेव्हा दुकानदाराला जरी कोणती ते विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. शंका आली तर काठाचा सुटा धागा जाळून पाहा. प्लास्टिक आक्रसून त्याची गुठळी होते, खऱ्या आणि इमिटेशन जरीत धातूची तार मागे राहते.

सुरतेची दुसरी जुनी कला म्हणजे सादेली, लाकडावरचे भौमितिक जडावकाम. पारशी कारागिरांनी ती इथे जोपासली. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.